उसाला पाणी मोजून, मजुराला अंदाजाने

एप्रिलमध्ये नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात कुठेही चार शेतकरी जमले की बोलणे पाण्यावर येते. कुकडीचे आवर्तन कधी सुटणार, ठिबकचा व्हॉल्व्ह किती तास उघडा ठेवायचा, खरड छाटणीनंतर द्राक्षवेलीला रोज किती लिटर द्यायचे, मल्चिंगवरच्या टोमॅटोला सकाळची एक पाळी पुरेल की संध्याकाळी दुसरी लागेल? हे हिशेब अंदाजपंचे नसतात. जमीन कोणती, पीक किती दिवसांचे, ऊन किती, वारा किती, हे सगळे त्यात धरलेले असते. भारतीय हवामान खात्याने कृषी हवामानशास्त्राचा विभाग पुण्यात १९३२ साली सुरू केला. जमिनीतून आणि पिकातून किती पाणी उडते याचे मोजमाप या जिल्ह्याला तेव्हापासून परके नाही. पिकाला किती तहान लागेल हे ती लागण्याच्या आधी ठरवले जाते.

त्याच शेतात, त्याच उन्हात आठ तास राबणाऱ्या माणसाला किती पाणी लागेल, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. बांधावर सावलीत एक जार ठेवला की काम झाले असे समजले जाते. पीक आणि माणूस या दोघांचे पाणी उडते ते एकाच नियमाने, एकाच कारणासाठी. म्हणून आधी पिकाचे पाणी जाते कुठे ते पाहू.

भरात आलेला ऊस कडक उन्हाळ्यात दिवसाला सहा ते आठ मिलिमीटर पाणी हवेत सोडतो. मिलिमीटर म्हटले की काही बोध होत नाही, पण गुंठ्याच्या भाषेत हा हिशेब सोपा आहे. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ शंभर लिटर. म्हणजे एका गुंठ्यातला ऊस रोज सहाशे ते आठशे लिटर पाणी वाफ करून सोडतो आणि एकराचा आकडा पंचवीस-तीस हजार लिटरवर जातो. यातले थोडे पाणी मातीतून थेट उडते, पण उसाने जमीन झाकली की बहुतेक सगळे पानांतूनच जाते. मुळांनी ओढलेल्या शंभर लिटरपैकी झाडाच्या अंगात राहतात जेमतेम दोन-तीन लिटर. बाकीचे पानांच्या पाठपोटावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून बाहेर पडते. शाळेच्या पुस्तकात याला बाष्पोच्छ्वास म्हणतात.

ही उधळपट्टी वाटते, पण ती नाही. पानाला साखर तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा आणि तो आत यायचा तर दार उघडावे लागते. दार उघडले की आतला ओलावा बाहेर जाणारच. पानाच्या एका चौरस मिलिमीटरवर अशी शंभर ते तीनशे दारे असतात. पाणी ही आत येणाऱ्या हवेची किंमत आहे आणि झाड ती रोज मोजते.

आता हे पाणी वर चढते कसे? विहिरीवर मोटर बसवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की वरून ओढणारी मोटर सात-आठ मीटरच्या खालचे पाणी उचलत नाही. पाणी खोल गेले की मोटर खाली उतरवावी लागते. हवेच्या दाबाची मर्यादाच तशी आहे, अगदी निर्दोष पंपालाही दहा मीटरच्या पुढे पाणी शोषून घेता येत नाही. पण भीमाशंकरच्या जंगलातली झाडे याहून उंच जातात आणि त्यांच्या शेंड्याचे पानही ताजे असते. झाडाला ना मोटर, ना हृदय.

१८९४ साली डिक्सन आणि जॉली या दोघांनी डब्लिनमध्ये याचे उत्तर मांडले आणि आजही बहुतेक शास्त्रज्ञ तेच मानतात. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. पानातून एक कण वाफ होऊन गेला की त्याच्या मागचा कण पुढे ओढला जातो, त्याच्या मागचा त्याच्यामागे, आणि अशी ती ओढ केसाहून बारीक जलवाहिन्यांमधून थेट मुळापर्यंत पोहोचते. झाड पाणी ढकलत नाही, ऊन ते ओढून घेते. आपले जगदीशचंद्र बोस यांना हे पटले नव्हते. झाडाच्या जिवंत पेशीच नाडीसारख्या स्पंदन करून रस वर चढवतात, असे त्यांनी १९२३ च्या ग्रंथात मांडले. ते मत पुढे टिकले नाही, पण झाडाला नाडी असावी असे वाटणारा माणूस वैद्यकातल्या लोकांना जवळचा वाटतो.

ओढ फार झाली की मोटरीसारखेच होते. जमिनीत ओलावा नाही, वर ऊन तापलेले, अशा वेळी जलवाहिनीतली पाण्याची दोरी तुटते आणि तिथे हवेचा बुडबुडा बसतो. मोटरीने हवा धरली की पाणी थांबते, तशीच ती वाहिनी निकामी होते. हे टाळण्यासाठी झाडाकडे एक उपाय आहे. मुळांना कोरड जाणवली की पानांत एक रसायन वाढते आणि रंध्रांच्या कडेच्या पेशी सैल पडून दारे मिटतात. दुपारी पाने मलूल दिसतात तेव्हा त्यांतली बरीच दारे बंद असतात. वाढ थांबते, पान थोडे तापते, पण जीव वाचतो. संध्याकाळी झाड पुन्हा उभे राहते.

टोमॅटो पिकवणाऱ्यांना या पाण्याचा आणखी एक गुण माहीत आहे, भले तो वेगळ्या नावाने. फळाचे बूड काळे पडते आणि माल फेकावा लागतो. कृषी केंद्रात कॅल्शियमची बाटली मिळते. पण अनेकदा जमिनीत कॅल्शियम भरपूर असते. ते पाण्याबरोबर जाते आणि पाणी जाते तिथे, जिथून ते उडते. पान भरपूर वाफ सोडते, गुळगुळीत सालीचे फळ जवळजवळ काहीच सोडत नाही. पाणी एक दिवस जास्त, तीन दिवस कमी असे झाले की जे थोडे कॅल्शियम आहे ते पाने घेऊन जातात आणि फळ उपाशी राहते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन जाणाऱ्यांना पाण्याचा नियमितपणा किती पैशांचा असतो हे सांगावे लागत नाही.

आणि तिसरा गुण थंडाव्याचा. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती पानातून घेतली जाते. म्हणून भर दुपारी बांधावरचा दगड हाताला चटका देतो, पण शेजारचे पाणी मिळालेले पान तापत नाही.

हा तिसरा गुण माणसात आणि झाडात समान आहे हे ओळखणारा माणूस तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. स्टीफन हेल्स हे इंग्लंडमधले धर्मगुरू. त्यांनी कुंडीतले साडेतीन फुटी सूर्यफूल रोज तोलून त्यातून किती पाणी उडते ते मोजले आणि मग त्याची तुलना माणसाच्या घामाशी केली. आकारमानाच्या प्रमाणात पाहिले तर सूर्यफूल माणसाच्या सतरापट पाणी सोडते, असा हिशेब त्यांनी १७२७ च्या पुस्तकात दिला. याच हेल्सनी घोड्याच्या रोहिणीत नळी घालून जगात पहिल्यांदा रक्तदाब मोजला. झाडाचा रस आणि माणसाचे रक्त एकाच नजरेने पाहता येते हे त्यांना उमगले होते.

माणसाच्या कातडीवर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याला तासाला पाऊण ते एक लिटर घाम सहज येतो, कधी त्याहूनही जास्त. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण अट आहे ती ‘वाळला तर’ ही. टपकून खाली पडलेला घाम अंग थंड करत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. कोरड्या हवेत चाळीस अंशांतही माणूस तग धरतो. दमट हवेत पस्तिशीच जीवघेणी ठरू शकते.

आता उसाच्या फडात चला. पुरुषभर उंचीच्या उसात पाचट काढायला, खत टाकायला माणूस शिरतो तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना रोज हजारो लिटर वाफ सोडणारी भिंत असते. वारा आत येत नाही. बाहेर पानाला थंड ठेवणारी तीच वाफ आत हवा इतकी ओली करते की माणसाचा घाम वाळतच नाही. तोडीच्या वेळी एक बाजू मोकळी होते, पण उभ्या उसाची भिंत वारा अडवतेच. पॉलिहाउसमध्ये हे आणखी वाढते. तिथली हवा ढोबळी मिरचीला आणि फुलांना मानवेल अशी ठेवलेली असते. आत वाकून काम करणाऱ्या बाईचा विचार त्या रचनेत नाही.

झाडाकडे असलेली सोय माणसाकडे नाही, ती म्हणजे दार मिटण्याची. अंगातले पाणी कमी झाले तरी घाम येत राहतो, रक्त आटते, हृदयाचे ठोके वाढतात, मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी होते. आणि घाम यायचा खरोखरच थांबला तर ते बचावाचे नव्हे, संकटाचे लक्षण असते. शरीराचे आतले तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, माणूस असंबद्ध बोलतो, कोसळतो. तो उष्माघात. कष्टाच्या कामात तो घामाने भिजलेल्या माणसालाही होतो, म्हणून ‘घाम येतोय, म्हणजे ठीक आहे’ यावर विसंबू नये. अशा वेळी बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये. सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर भरपूर गार पाणी ओतावे आणि वारा घालावा. ठिबकची पाइप हाताशी असते, तीच उपयोगी पडते. १०८ ची गाडी येईपर्यंत हे थांबवू नये.

पण उष्माघात दिसतो तरी. न दिसणारे नुकसान मूत्रपिंडाचे असते. एल साल्वादोरमधल्या डॉक्टरांनी २००२ साली नोंदवले की मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरीही तरुण शेतमजुरांची मूत्रपिंडे निकामी होत आहेत. पुढे निकाराग्वा आणि शेजारच्या देशांतही उसाच्या फडांत काम करणाऱ्यांमध्ये हेच आढळले. आपल्याकडे आंध्रातल्या श्रीकाकुलमच्या उद्दानम भागात अशाच आजाराने गावेच्या गावे त्रस्त आहेत, तिथले कारण अजून वादात आहे. मध्य अमेरिकेत मात्र ऊन, कष्ट आणि पाण्याची कमतरता यांचा मोठा वाटा असल्याचे पुरावे जमले. तिथे ऊसतोड कामगारांना ठरावीक वेळाने सावलीत विश्रांती आणि पुरेसे पाणी देण्याचे प्रयोग झाले आणि त्यांत मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. औषध कोणतेच नव्हते. होते ते ताडपत्रीची सावली, घड्याळ आणि पाणी.

आपल्याकडच्या फडात या कमतरतेत आणखी एक भर पडते आणि ती दवाखान्यात रोज दिसते. मोळ्या वाहून पाठ-कंबर धरते, म्हणून रोज एक वेदनाशामक गोळी घेतली जाते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या किराणा दुकानातही मिळतात. अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंड स्वतःकडचा रक्तपुरवठा टिकवण्यासाठी जी यंत्रणा वापरते, तीच या गोळ्या बंद पाडतात. पोटभर पाणी प्यालेल्या माणसाला कधीमधी घेतलेली गोळी सहसा सोसते. तहानलेल्याला रोजची गोळी महाग पडते. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले आणि चहाच्या किंवा काळपट रंगाची झाली की त्याच दिवशी दवाखाना, एवढे तरी प्रत्येक टोळीला माहीत हवे.

बायांचे वेगळेच आहे. आडोसा नाही म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. पहाटे निघताना एक तांब्या, मग थेट संध्याकाळी. लघवीची जळजळ घेऊन आलेल्या बाईला ‘पाणी जास्त प्या’ असे चिठ्ठीवर लिहून देणे सोपे आहे. ती कुठे जाणार हे चिठ्ठीत लिहिलेले नसते. फडाच्या कडेला चार बांबू आणि तरटाचा आडोसा, हा या भागात मूत्रविकारावरचा सगळ्यात स्वस्त उपाय ठरेल.

या तालुक्यांचा भूगोलही विचित्र आहे. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाच्या अंगाला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेकडे उतरत तो सहा-सातशेवर येतो. माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे, येडगाव ही कुकडी प्रकल्पाची धरणे हे पाणी अडवतात आणि ते पूर्वेच्या उसाला, द्राक्षाला, टोमॅटोला जाते. डिंभ्याच्या पाण्याखाली तर मूळ आंबेगावच गेले. पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी वाड्यांना मात्र एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी उतरण उतरावी लागते आणि तिथलेच लोक पूर्वेच्या बागायतीत मजुरीला येतात. म्हणजे कामावर पोहोचतानाच त्यांच्या अंगात पाणी कमी असू शकते. ऊसतोडीच्या टोळ्या बीड, अहिल्यानगरकडून येतात, त्याही दुष्काळी भागांतूनच. त्यांच्या कोप्यांजवळ पिण्याचे पाणी कुठून येते, हा प्रश्न कारखान्याच्या गाळपाच्या बैठकीत क्वचितच निघत असेल.

शेतकऱ्याची बाजू आहे आणि ती ऐकायला हवी. मजूर मिळत नाही, मजुरी वाढली, बाजारभावाचा भरवसा नाही, त्यात दर तासाला विश्रांती कुठून द्यायची? ऊसतोडीत तर मजुरी टनावर आहे. कोयता बसला की त्याचेच पैसे बुडतात, शिवाय अंगावर उचल असते. त्यामुळे मजूर स्वतःच थांबत नाही. पण म्हणूनच विश्रांती माणसाच्या इच्छेवर सोडून चालत नाही. तहानेवरही सोडून चालत नाही, कारण कष्टाच्या कामात तहान उशिरा लागते. ती लागेपर्यंत लिटरभर पाणी कमी झालेले असते. पीक सुकल्यावर व्हॉल्व्ह उघडणाऱ्याला गाव हसते. माणसाच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो.

गणित अवघड नाही. उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटरच्या आसपास. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नाही, कारण नुसते पाणी ढोसून रक्तातले मीठ पातळ होते आणि तेही घातक असते. आठ तासांचे धरले तर माणशी सहा ते आठ लिटर. आता वरचा आकडा आठवून पाहा. एका गुंठ्यातला ऊस एका दिवसात जेवढे पाणी हवेत सोडतो, तेवढ्यात शंभर मजुरांचा दिवस निघतो. पाणी कमी आहे म्हणून माणूस तहानलेला राहतो, असे कुठलाही बागायतदार म्हणू शकणार नाही. पाणी बांधापर्यंत आहे. ते पिण्याजोगे करून, गार ठेवून, हातात देण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेले नाही.

मिठाचे तर आपल्या जुन्या लोकांना कळत होते. पाणी उडते, मीठ मागे राहते. सदऱ्याच्या पाठीवर पांढरे डाग उमटतात तसेच पश्चिम महाराष्ट्रात अति पाणी दिलेल्या काळ्या रानांवर पांढरा थर येतो आणि जमीन खारवते. जमिनीत मीठ उरते, माणसातून ते निघून जाते. म्हणून मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, नाचणीची आंबील हे दुपारचे पदार्थ होते. त्यांची जागा आता चहाने आणि रंगीत बाटल्यांनी घेतली आहे. जुलाब-उलटीची जोड असेल किंवा घाम फारच गेला असेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. रक्तदाबाचे किंवा किडनीचे रुग्ण असतील त्यांनी मिठाचे डॉक्टरांना विचारूनच करावे.

वेळाचेही तसेच. औषध फवारणी पहाटे किंवा उन्हे उतरल्यावर करावी असे शेतकऱ्याला सांगितले जाते ते पिकासाठी, कडक उन्हात पान भाजते म्हणून. फवारणाऱ्यासाठी तो सल्ला अधिक महत्त्वाचा आहे. घामेजलेल्या, तापलेल्या कातडीतून कीटकनाशक लवकर आत जाते. भर उन्हात फवारताना चक्कर आली तर सगळे ‘ऊन लागले’ म्हणतात. तोंडाला लाळ सुटली असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असतील तर ते ऊन नव्हे, विषबाधा आहे.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी देण्याचे स्पष्ट लिहिले होते. ज्या महाराष्ट्राने ही हमीची कल्पना देशाला दिली, त्याच महाराष्ट्रात खासगी शेताच्या बांधावर तेवढीही अट पाळली जात नाही. ऊसतोड कामगारांसाठी राज्याचे कल्याण महामंडळ आहे. कारखाने तोडीचा कार्यक्रम गटवार, तारीखवार आखतात. त्याच कागदावर पाण्याच्या टाकीचा आणि ताडपत्रीचा एक रकाना वाढवायला कोणाची परवानगी लागत नाही. दुपारी बारा ते साडेतीन तोड बंद ठेवून पहाटे आणि संध्याकाळी करणे काही फडांत जमते, मग टनाचा आकडाही फारसा घटत नाही. हंगाम संपून टोळ्या परत निघण्याआधी ग्रामीण रुग्णालयात प्रत्येकाचे क्रिएटिनिन एकदा तपासले तर आपल्याकडे हा आजार आहे की नाही, याचे उत्तर दोन-तीन हंगामांत हाती येईल. तपासणी स्वस्त आहे, आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होण्यासारखी आहे.

बागायतदारांना तर याहून सोपे आहे. ठिबकच्या वेळापत्रकात प्लॉट, व्हॉल्व्ह, तास असे रकाने असतात. त्यात आज किती माणसे कामावर आहेत आणि माणशी सात लिटर याप्रमाणे किती पाणी भरले, हे लिहिता येईल. आठ जणांची टोळी असेल तर छप्पन्न लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. बांधावर एकच दिसत असेल तर उरलेले दोन दुपारच्या आत यायला हवेत.